शिंप्याचा शर्ट कोण शिवतं?

नांदेडला लोक गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला जातात, लातूरला पोरांना शिकवणीला घालायला जातात. मी या दोन्ही गावांकडे गेले ती एका रिकाम्या चौकटीपायी.

खुलासा करते. पुण्यातल्या एका सर्वेक्षण कंपनीत मी नोकरी करते. लोकांना प्रश्न विचारणं हा आमचा धंदा. शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही मराठवाड्यातल्या शिंप्यांचा सर्व्हे केला. वीस प्रश्न होते. दुकान किती वर्षांचं, मशीन कुठलं, हाताखाली माणसं किती, असे सरळ साधे. चौदावा मात्र आमच्या सरांच्या सुपीक डोक्यातून निघालेला: ‘तुमचे स्वतःचे कपडे कोण शिवतं?’ सरांचं म्हणणं असं, की डॉक्टर आजारी पडल्यावर ज्याच्याकडे जातो तो गावातला खरा डॉक्टर. तसा शिंपी ज्याच्याकडे कपडे टाकतो तो खरा शिंपी. त्याच्या दुकानात आपलं मशीन बसलं की बाकीचे मागोमाग येतील.

फॉर्म आले. नांदेड-लातूरच्या गठ्ठ्यात एकोणीस प्रश्न सुवाच्य अक्षरात भरलेले आणि चौदावा कोरा. एकूणएक फॉर्मवर कोरा. सर तापले.

“या माणसानं प्रश्न विचारलाच नाही. घरी बसून फॉर्म भरलेत. तुम्ही जा, शहानिशा करा, आणि येताना त्याचं ओळखपत्र घेऊन या.”

‘हा माणूस’ म्हणजे गफारभाई, आमचे नांदेडचे फील्डवाले. अकरा वर्षं त्या भागातला प्रत्येक सर्व्हे त्यांनीच केलेला. आमच्याकडे ओळखपत्र काढून घेतलं म्हणजे माणसाला नारळ दिला असं समजायचं. घरी बसून भरणारा माणूस चौदावाच कशाला कोरा सोडेल, तोही ठोकून देईल की, हे मला सुचलं तेव्हा गाडीनं दौंड ओलांडलं होतं. शहाणपण मला नेहमी गाडी सुटल्यावर सुचतं.

सरांबद्दल आणखी एक सांगून ठेवते, पुढे लागेल. सरांचे शर्ट आमच्या ऑफिसात प्रसिद्ध आहेत. छान शर्ट आहे म्हटलं, की ते मान वाकवून कॉलर उलटी करतात आणि आतलं परदेशी लेबल दाखवतात.

नांदेड

स्टेशनवर गफारभाई उभे होते. पंचावन्नच्या पुढचे, सडपातळ, दाढीला मेंदी, आणि गळ्यात आमचं ओळखपत्र. कंपनीनं दिलेली फीत कधीच तुटली असणार, कारण तिच्या जागी जाड सुती कापडाची, बारीक टाक्यांची फीत होती. अंगात पांढरा शर्ट. खांद्यावर ना सुरकुती ना ढिलेपणा. पुण्यात इतका नेमका बसलेला शर्ट मी फक्त दुकानातल्या पुतळ्याच्या अंगात पाहिला आहे. हातात अर्धापूरच्या केळ्यांची अख्खी फणी.

“रस्त्यात भूक लागंल म्याडम.”

“रस्ता संपला की आता, गफारभाई.”

“तुमचा संपला. आपला आता सुरू होतो.”

केळी मी सॅकमध्ये फॉर्मच्या गठ्ठ्यावर ठेवली. ही चूक लक्षात असू द्या.

नाश्त्याला त्यांनी सुशीला मागवली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याचं कूट घालून दिलेली फोडणी. पुण्यात मुरमुऱ्यांना भेळेपलीकडे आयुष्य नसतं; इथं त्यांनी संसार थाटलाय. दुसरी बशी संपवून मी मुद्द्यावर आले.

“चौदावा प्रश्न विचारला होतात?”

“हाव.”

“सगळ्यांना?”

“एकूणएकाला.”

“मग उत्तर का नाही?”

गफारभाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. “तुमी एकदा विचारून बगा की.”

आव्हान दिलं की मला चेव चढतो. आम्ही जुन्या शहरात हबीबभाईंच्या दुकानात गेलो. शेरवानी आणि सफारी शिवावी तर हबीबभाईंनीच, असा त्यांचा लौकिक. दुकान बोळकांडीएवढं, पण त्यात सात माणसं बसलेली. एक गिऱ्हाईक, एक पेन्शनर गुरुजी पेपर वाचायला आलेले, शेजारचा घड्याळवाला आणि बाकीचे नुसतेच.

मी फॉर्म काढला. “दुकान किती वर्षांचं?”

हबीबभाईंनी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, “एकोणचाळीस.”

“चाळीस, गुरुजी,” घड्याळवाला म्हणाला. “माझ्या लग्नाचा कोट इथं शिवला, तवा एक साल झालतं.”

“तुझा कोट लग्नाच्या दिवशीबी झाला नव्हता. शाल पांघरून उभा होतास.”

यावर दहा मिनिटं गेली. शेवटी एकोणचाळीस ठरलं. असे तेरा प्रश्न साऱ्या दुकानानं मिळून सोडवले. सामूहिक परीक्षा म्हणतात ती हीच. मग मी चौदावा वाचला.

“तुमचे स्वतःचे कपडे कोण शिवतं?”

पेपर खाली आला. सात जणांच्या नजरा हबीबभाईंच्या शर्टावर खिळल्या. हबीबभाईंनी इंचपट्टी गळ्यातून काढली, गुंडाळली, परत उलगडली, आणि बाहेर ओरडले, “नऊ चाय भेज रे!” मग माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाले, “पंधरावा काय हाय, म्याडम?”

आता इथं एक कबुली. आमच्या कंपनीची फील्डवाल्यांसाठीची मार्गदर्शिका मी लिहिली आहे. तिच्यात नियम आहे: ‘नाजूक प्रश्नाच्या वेळी उत्तर देणाऱ्याला एकांत द्यावा.’ हा नियम पुण्यात बसून लिहिला आहे. मी सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

गफारभाई एवढंच म्हणाले, “नका करू म्याडम.”

पाच मिनिटांत बाहेर पन्नास माणसं जमली. भर दुपारी चाललेल्या दुकानाचं शटर खाली येतं आणि आत परगावची, पिशवीवाली बाई कागद घेऊन बसते, याचा त्या गल्लीत एकच अर्थ होतो. “रेड पडली!” कुणीतरी म्हणालं. समोरच्या भांडीवाल्यानं आपलं शटर पार जमिनीला टेकवलं. हबीबभाईंचा मोबाईल वाजला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज मलासुद्धा ऐकू आला: “सच्ची बोलो, पकडे क्या तुमकू?”

शटर वर गेलं. मी साऱ्या गल्लीची माफी मागितली. गल्लीनं मोठ्या मनानं दिली आणि वर आणखी नऊ चहा मागवले. मला एकांताचा धडा मिळाला. इथं माणूस एकटा बसला की साऱ्या गावाचं लक्ष त्याच्याकडे जातं. लपायचं असेल तर दहा जणांत बसावं.

आम्ही निघालो. हबीबभाईंनी पायांत चप्पल सरकवली. “चला, रिक्षापर्यंत सोडतो.”

आमच्याकडे पाहुणा जिना उतरत असतानाच “दार लावून घेते हं” असा गोड आवाज येतो आणि मागोमाग कडी वाजते. इथं पाहुण्याला पोचवायला जातात. दुकानातून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून रिक्षापर्यंत, आणि मनात आलं तर थेट स्टँडपर्यंत. मी भिडेखातर चार वेळा “कशाला, कशाला” म्हटलं. त्यांनी ते ऐकलंच नाही.

गल्ली मागे पडली. रिक्षा दिसायला लागली. हबीबभाई पुढे बघत, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, “रेडिमेड हाय.”

“काय?”

“शर्ट. जावयानं आणला. धा साल झाले, रेडिमेडच घालतो. लोकांचेच कपडे टायमावर होईनात, माझे कवा शिवू? पोराच्या निकाहात बी रेडिमेड घातलं म्याडम. सारं गाव म्हणालं, वा हबीबभाई, क्या फिटिंग! मी गप. फक्त गुंड्या काढून माझ्या हातानं लावल्या. तेवढीच इज्जत राहिली.”

रिक्षा निघाली तशी मी आनंदानं फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं. गफारभाईंनी चौदाव्या चौकटीवर पालथा हात ठेवला.

“हे नाही लिहायचं.”

“अहो, पण उत्तर मिळालं ना!”

“दुकानात दिलं असतं तर मीच लिहिलं असतं. हे पोचवायला आल्यावर बोलले. पोचवताना जे बोलतात ते संगतीला असतं, कागदाला नसतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. “म्हणजे तुम्हाला सगळ्यांची उत्तरं ठाऊक आहेत?”

“हाव. सगळे पोचवायला येतातच ना.”

“आणि नोकरी जाईल, तरी लिहिली नाहीत?”

“नोकरी गेली तर बगू काहीतरी. पण या गावात मला अजून राहायचंय म्याडम.”

मला त्यांचा रागच आला. माझी तीन दिवसांची शहानिशा अर्ध्या दिवसात पूर्ण झाली होती आणि हाती पुरावा म्हणून काही नव्हतं. मी ठरवलं, पुढच्या गावात एक तरी शिंपी शोधायचा, जो चौदाव्याचं उत्तर चारचौघांत देईल. एक जरी फॉर्म भरला, तरी गफारभाईंनी प्रश्न विचारला होता हे सरांना पटवता आलं असतं.

देगलूर

दुसऱ्या दिवशी एसटीनं देगलूर. वाटेत केळ्यांची आठवण झाली आणि सॅक उघडली. फणीतल्या चार केळ्यांनी फॉर्मच्या गठ्ठ्यावर देह ठेवला होता. त्यांचा तपकिरी गर झिरपत नेमका पानाच्या मध्यावर, म्हणजे चौदाव्या चौकटीत, साऱ्या गठ्ठ्याला लागला होता. उरलेली केळी आम्ही खाल्ली. इतकी गोड की चिडायचं राहून गेलं.

देगलूरच्या बाजारात तीन भाषा एकाच पिशवीत भाजी आणायला निघतात. गंगाधरअण्णांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची ते तेलुगूत “बागुन्नारा?” करत ख्यालीखुशाली विचारत होते, दुसऱ्याला कानडीत थोपवत होते, आणि मला मराठीत म्हणाले, “बसा ताई, ह्यो पायजमा तेवढा संपवून राहिलो.”

अण्णांच्या बरोबर समोर दुसरं शिंप्याचं दुकान. त्याचं नाव अण्णा घेत नाहीत. म्हणतात ‘समोरचा’. दोघांत चौदा वर्षं अबोला. एका नवरदेवाचा कोट दोघांनी मिळून घेतला होता, एकानं माप घेतलं, दुसऱ्यानं शिवला, आणि एक बाही आखूड झाली. माप चुकलं की शिलाई, हा वाद अजून चालू आहे. नवरदेवाची पोरगी आता आठवीत आहे.

चौदावा प्रश्न मी इथंही खणखणीत आवाजात वाचला. अण्णांनी समोर पाहिलं. समोरच्यानं मशीन थांबवलं. दोन दुकानांच्या मध्ये पायरीवर बसून दोघांची काजं-बटणं करणाऱ्या शांताकाकू एकदम खाली मान घालून सुईत दोरा ओवायला लागल्या. सुईत दोरा आधीच होता.

“उन्ह लई वाढलंय औंदा,” अण्णा म्हणाले.

मी नाद सोडला. जेवायला अण्णांनीच घरी नेलं. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, आणि “तिखट तर नाही ना?” असं विचारून पुढे केलेला ठेचा. ठेच्यानंतर मी बराच वेळ काही विचारू शकले नाही. सर्व्हेवाल्याला गप्प करायची ही पद्धत आमच्या मार्गदर्शिकेत नाही.

मग अर्थातच अण्णा स्टँडपर्यंत आले. मी बसमध्ये डाव्या खिडकीशी बसले, गफारभाई पलीकडच्या उजव्या खिडकीशी. अण्णा माझ्या खिडकीखाली उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, “समोरचा शिवतो.”

“काय सांगता! बोलत नाही ना तुम्ही?”

“बोलायचं काय काम? कापड आन् जुना शर्ट शांताकाकूपाशी देतो. काकू त्याच्याकडं टाकती. कुणाचा हाय ते काकू सांगत न्हाई, त्यो इचारत न्हाई. पण माप बगून कळत असंलच की. ताई, या तालुक्यात त्याच्यासारखी कॉलर कुणाला बसवता येत न्हाई. बोलत न्हाई म्हणून काय वाकडी कॉलर घालायची?”

तेवढ्यात गफारभाईंच्या खिडकीपाशी कुजबुज ऐकू आली. मान वळवून पाहते तर खाली समोरचा उभा! तोही पोचवायला आला होता, बसच्या दुसऱ्या अंगानं, अण्णांना दिसणार नाही असा. बस सुटली. दोघे दोन बाजूंनी हात हलवत मागे राहिले. मध्ये बस नसल्यावर त्यांनी काय केलं असेल, याचा मला अजून घोर आहे.

“काय म्हणाला तुमचा?” गफारभाईंनी विचारलं.

“तुमचा काय म्हणाला?”

“तेच. पँट अण्णाकडनं शिवून घेतो, काकूच्या हातनं.”

आम्ही दोघं उदगीरपर्यंत हसत होतो. मग गफारभाईंनी ओळखपत्र हातात धरून रुमालानं पुसलं, आणि माझं हसू थांबलं. सरांनी दिलेलं काम मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. हा माणूस मला केळी आणतो, नाश्ता खाऊ घालतो, आणि मी त्याच्या गळ्यातलं कार्ड न्यायला आलेय. मला स्वतःची शरम वाटली.

मुरुड

लातूरला रात्र काढून, सकाळी निलंगा राईस खाऊन (नाश्त्याला इतका झणझणीत भात खाणाऱ्या जिल्ह्याला माझा नमस्कार) आम्ही मुरुडला गेलो. बाजाराचा दिवस होता. दत्तोबांचं दुकान भर पेठेत. पाटीवर त्यांचं नाव, त्याखाली ‘जेंट्स स्पेशालिस्ट’. पुढे कापायचं टेबल, मागे पडदा. पडद्याआड मशीन धडधडत होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते थांबायचं, गिऱ्हाईक उतरलं की सुरू व्हायचं.

माझी ही शेवटची संधी होती. दत्तोबा बोलके, दिलखुलास माणूस. पायरीखाली सावलीला चार-पाच शेतकरी टेकलेले. तेरा प्रश्नांची उत्तरं त्यांनी फडाफड दिली. चौदाव्याला त्यांनी कात्री उचलली आणि टेबलावरचं जे कापड मोजून झालं होतं ते परत मोजायला घेतलं. पडद्याआडचं मशीनही थांबलं. या वेळी गिऱ्हाईक कुणी आलं नव्हतं.

“राहू द्या,” मीच म्हणाले. मला आता सवय झाली होती.

निघताना दत्तोबा उठेनात. बाजाराच्या दिवशी दुकान सोडून कसं यायचं? मी थोडी हिरमुसले. तर पडद्यामागून त्यांच्या पत्नी, सुमनताई, डोक्यावर पदर घेत, हातात पाण्याची बाटली घेऊन आल्या. “चला, मी येते स्टँडवर.”

गफारभाई समजूतदारपणे दहा पावलं पुढे चालायला लागले. सुमनताईंनी आधी माझ्या कुर्त्याचं कौतुक केलं, मग न विचारता त्याचं टोक उलटं केलं आणि आतली शिवण पाहून नाक मुरडलं.

“दुकानात लई पैशे घेतले असतील. कपडा उलटा करून बगायचा, ताई. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असती.” मग माझ्या मानेमागचं लेबल चिमटीत धरलं. “हे मशीनवर बसवलेलं. हातानं लावलेलं लगीच कळतं, टाका जरा तिरका जातो. आमच्या दुकानाचं मी हातानं लावते.”

“लेबलं तुम्ही लावता?”

“लेबल आन् त्याच्या खालचा समदा शर्ट.” त्या थांबल्या. “ह्यांचे डोळे गेले सहा वरीस झाले. धूसर दिसतं. माप घेत्यात, कापत्यात, हाताला सवय हाय म्हणून. शिवते मीच. समदं. पाव्हण्यांच्या सफारी, पाटलाची पँट, समदं. बाप्यांना कळलं की बाईनं शिवलंय, तर कोण येईल दुकानात? लेबलावर ह्यांचंच नाव लावते.”

“फार सुरेख शिवता,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

“माझं नाव कागदावर नका लिहू,” त्या म्हणाल्या. मग बस समोर दिसायला लागल्यावर, घाईघाईनं: “पण कुठं तरी कुणाला तरी सांगा. नाव न घेता. एवढे कपडे फिरून राहिलेत गावात माझ्या हातचे, एकाला तर कळू द्या.”

लातूर स्टेशन

संध्याकाळच्या गाडीला गफारभाई पोचवायला आले. मी फॉर्मचा केळ्यांनी माखलेला गठ्ठा मांडीवर घेऊन बाकावर बसले. चौदावी चौकट कोरीच. गाडीला वेळ होता. ओळखपत्राचं कसं बोलावं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

त्यांनीच फीत डोक्यावरून काढली आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं.

“साहेबांनी सांगितलं असंल ना, घेऊन या म्हणून.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अकरा साल प्रश्न विचारतोय म्याडम. कोण कोणता प्रश्न टाळतो ते मला कळतं. तीन दिवस तुमी कार्डाकडं बगितलंच नाही.”

मी खाली मान घातली. गफारभाई रुळांकडे पाहत म्हणाले, “नोकरीच्या अर्जात एक रकाना होता, याआधीचा व्यवसाय. मी रिकामा सोडला होता. कुणी विचारलं नाही.”

“काय होता?”

“टेलर. हबीबभाईच्या शेजारीच दुकान. मग हाताला कंप आला. माप मिलिमीटरचं आणि हात बोटभर हलतोय. बंद केलं. बंद पडलेल्या शिंप्याला कोण नोकरी देणार, म्हणून लिहिलं नाही.”

मी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. त्या नेमक्या खांद्यांकडे, त्या फितीच्या बारीक टाक्यांकडे.

“आणि हा शर्ट?”

“मीच शिवला. महिना लागतो एका शर्टाला. टाका घालायचा, उसवायचा, परत घालायचा. रोज थोडा थोडा.” ते हसले. “साऱ्या जिल्ह्यात सोताचा शर्ट सोता शिवणारा एकच टेलर निघाला म्याडम, आन् तो टेलर राहिला नाही.”

गाडी आली. त्यांनी माझी सॅक चढवून दिली. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं आणि मला ते रात्रभर टोचत राहिलं.

पुणे

अहवालाच्या शेवटी सरांनी माझ्यासाठी एक खास रकाना केला होता: ‘प्रश्न चौदा अनुत्तरित राहण्याचं कारण व जबाबदार व्यक्ती’. मी दोन दिवस तो लिहायला बसले. खरं लिहावं, तर हबीबभाई, अण्णा, सुमनताई सगळे मशीन कारखान्याच्या फायलीत जाऊन बसणार. खोटं लिहावं, तर गफारभाई गेले. शेवटी रकाना कोरा सोडून अहवाल सरांच्या टेबलावर ठेवला. केबिनमध्ये तेव्हा चौघं बसले होते.

सर पानं उलटू लागले. चौदाव्या चौकटीवर थबकले. “इथं काहीतरी आहे.”

“केळं आहे सर. अर्धापूरचं.”

चौघं हसले. सर हसले नाहीत. शेवटच्या पानावर आले. “आणि हेही कोरं? गफारनं तुम्हालाही लावलं का हे वळण? ओळखपत्र आणलंत?”

“आणलंय.” मी कार्ड पर्समधून काढलं, पण टेबलावर ठेवलं नाही. घड्याळात सहा वाजले होते. “सर, तुम्ही निघतच असाल. चला, गाडीपर्यंत येते सोडायला.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलं असावं. बारा वर्षांत मी त्यांना लिफ्टपर्यंतही सोडायला गेले नव्हते. पण ते उठले.

जिन्यात मी बोलायला सुरुवात केली. लिफ्ट मुद्दाम टाळली. तीन मजले लागणार होते. नावं घेतली नाहीत. एक शिंपी रेडिमेड घालतो हे पहिल्या मजल्यावर आलं. बसच्या दोन खिडक्या पार्किंगच्या दारात झाल्या. पडद्याआडच्या बाईपाशी आले तेव्हा सर गाडीजवळ उभे होते, किल्ली हातात तशीच. शेवटी मी म्हणाले, “त्यांनी प्रश्न विचारला होता, सर. प्रत्येकाला. उत्तरंही मिळाली होती. ती त्यांनी कागदावर विकली नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. असा माणूस सोडला तर आपल्याला दार कोण उघडेल?”

पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. सरांनी एकदा मागे पाहिलं, एकदा वॉचमनच्या खोलीकडे पाहिलं. मग नेहमीसारखी मान वाकवून कॉलर उलटी केली. मी हे लेबल पन्नास वेळा वाचलेलं आहे. या वेळी वाचलं नाही. टाके पाहिले. टाका जरा तिरका जात होता.

“कुणी लावलंय हे?” मी विचारलं.

सरांनी सांगितलं. शर्ट कुणी शिवला तेही सांगितलं, लेबलं कुठून येतात तेही. सांगताना त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मला ते एकदम आवडायला लागले. मग त्यांनी माझ्या हातातलं ओळखपत्र घेतलं, त्याच्या फितीवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिलं. “उद्याच्या कुरिअरनं धाडून द्या. आणि पुढच्या सर्व्हेतून चौदावा काढा.”

गफारभाईंना फोन केला. म्हटलं, हे सगळं लिहावं म्हणते. ते म्हणाले, “नाव बदला, गाव बदला, मग लिहा. सुमनताईला बरं वाटंल.” त्याप्रमाणे मी नावं बदलली आहेत. मुरुडचे नांदेडला नेलेत की देगलूरचे मुरुडला, ते शोधत बसू नका. शिंपी पुष्कळ आहेत, त्यांची अदलाबदल करता येते. पण मला सर एकच आहेत, त्यांना कुठं लपवणार? म्हणून ते गाडीपाशी काय म्हणाले, ती चौकट इथं कोरी ठेवते. अगदीच राहवत नसेल तर कधी घरी या. चहा घेऊ, इकडचं तिकडचं बोलू. जायला निघालात की मी चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत येते.